दावणीबाहेरची गाडी

वाटूरच्या पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की आधी रामकिसनच्या ओसरीवर चहा व्हायचा आणि मग बाजार. बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजणारे गावात पुष्कळ होते. पण बैल चार पावलं चालला की त्याला कुठं काय दुखतंय हे सांगणारा एकटा रामकिसन. आता दारोदार ट्रॅक्टर आले, बैल बोटांवर मोजण्याइतके उरले आणि रामकिसनची पारख बासनात गुंडाळून ठेवल्यासारखी झाली. वय पासष्ट, आवाज मात्र अजून चाळिशीतला. द्वारकाबाईला बघायला गेला तेव्हाही त्यानं आधी तिची चाल बघितली होती, असं ती स्वतःच आल्यागेल्याला सांगायची. त्यावर तो दर वेळी विचारायचा, "मंग, चूक निघाली का?"

नेमकी त्या चालीलाच दृष्ट लागली. दोन वर्षांमागं कापसाचं बोचकं उचलताना द्वारकाबाईच्या कमरेत चमक भरली, ती काही निघाली नाही. मणक्यातली गादी सरकली होती. बाजेवर आडवी असली की ठीक, हळूहळू चालली तरी ठीक; पण बसल्याजागी धक्का बसला की संपलं. घरच्या जीपमधून जालन्याला डॉक्टरकडं नेली, की परत आल्यावर आठ दिवस अंथरुणातून उठायची नाही.

आणि जायचं होतं पुण्याला. लेक वंदना तिथं राहायची. भाद्रपदात तिला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. पोर मुठीएवढी, म्हणून डॉक्टरनं वर्षभर लांबचा प्रवास करायला बंदी घातली. बारसं झालं, जान्हवी नाव ठेवलं, पोर आता पाच महिन्यांची होऊन गुटगुटीत झाली, आणि आजीनं तिला बघितलं ते फक्त मोबाइलमध्ये. द्वारकाबाईनं खोबऱ्याचं तेल घरी काढून बाटलीत भरून ठेवलं होतं. गावातल्या कितीतरी लेकरांची टाळू तिनं आपल्या हातानं भरली होती आणि सख्खी नात तेवढी राहिली होती.

"मोबाइलमधी पोरगी दिसती," ती म्हणायची, "पन टाळूला तेल लावता येत न्हाई त्याच्यातून. एकदा टाळू भरून आली की मंग म्या जाऊन काय करू?"

रेल्वेचा प्रयोग दिवाळीत करून झाला होता. परतूर स्टेशनात एक पाय डब्याच्या उंच पायरीवर आणि एक फलाटावर असताना कमरेनं दगा दिला. चौघांनी उचलून बाकावर ठेवली आणि गाडी निघून गेली. मुलगा कल्याण परतूरला विम्याच्या कचेरीत नोकरीला होता. त्यानं ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं, तर द्वारकाबाई कडाडली, "जित्या मानसाला त्याच्यात घालतेत का? पुन्यात उतरले तर व्याही रडाया लागतील."

शेवटी एका रात्री जेवताना रामकिसननं ताट बाजूला सारलं आणि जाहीर केलं, "गाडी घ्यायची. लहानसहान न्हाई, मोठ्या लोकांची असती तसली गादीवाली. जुनी का असंना, पन वाटंत दगा देनार न्हाई अशी. म्या बघतो."

कल्याणला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं त्याच रात्री मोबाइलवर पन्नास गाड्या बघितल्या. कशाच्या छताची काच उघडते, कशात सात रंगांचे दिवे लागतात, कशाचा आरसा आपोआप मिटतो, सगळं बापाला वाचून दाखवलं. बापानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरसा मिटल्यानं तुह्या मायची कंबर दुखायची ऱ्हाती का?" कल्याणनं मोबाइल उलटा ठेवला.

जालन्यात सर्जेराव नावाच्या गृहस्थाचा जुन्या भारी गाड्यांचा बाजार होता. मोठं आवार, वर पत्र्याची शेड, आणि शेडखाली ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या, तोंडं सगळ्यांची एका बाजूला. रामकिसन फाटकातून आत शिरला आणि ती ओळ बघून त्याचा चेहरा उजळला. ही तर दावणच होती. गळ्यात घुंगरमाळा तेवढ्या नव्हत्या.

सर्जेराव पन्नाशीचा, गोरागोमटा आणि जिभेवर खडीसाखर ठेवलेला. त्यानं त्यांना थेट एका काळ्या गाडीपुढं नेलं. "काका, कारखानदाराच्या घरातली हाय. फुलावानी वापरलेली. बसून तर बघा."

रामकिसन बसला नाही. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चारही टायरांकडं वाकून बघितलं आणि मग बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात बोनेटवर ठेवला. तसाच थोडा वेळ उभा राहिला.

"गरम हाय," तो म्हणाला.

"आत्ताच जरा धुवायला बाहेर काढल्ती."

"धुवायला काढली आन् बोनेटवर धूळ कशी?" रामकिसन हसला. "सर्जेराव, लंगडा बैल इकायचा असला की हेडी काय करतो, ठावं हाय का? बाजार भरायच्या आधी त्याला कोसभर फिरवून आनतो. सांधा तापला की लंगडनं झाकतं. गिऱ्हाईक घरी नेतं, आन् दुसऱ्या दिवशी सकाळी बैल उठाया लागला की मंग बोंब मारतं."

सर्जेरावचं हसू जरा आक्रसलं, पण लगेच दुप्पट पसरलं. "काका, मला ठाऊक नसंल तर कुनाला? माझा बाप, श्रीपती, हेडीच होता. बैलांचाच व्यापार केला जलमभर."

"मंग बराबर," रामकिसन म्हणाला. "रक्त बोलतं."

त्या दिवशी चहा पिऊन दोघं बापलेक परतले आणि दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या आधीच आवाराच्या दाराशी हजर झाले. काळी गाडी रात्रभर उभी होती, बोनेट थंडगार. सर्जेरावनं नाइलाजानं किल्ली फिरवली. आधी गाडी खोकली, मग पातेल्यात चमचा हलवावा तसा आतून खडखडाट झाला, आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला तो थेट कल्याणच्या पांढऱ्या शर्टावर.

"उठली एकदाची," रामकिसन म्हणाला. सर्जेराव स्वतःच पोट धरून हसायला लागला. चोरी पकडली गेल्यावर हसणारा माणूस रामकिसनला नेहमीच आवडायचा.

मग पुढचे आठ दिवस त्यानं दावणीतल्या एकेका गाडीची परीक्षा घेतली. कल्याणला कचेरीत रोज नवं कारण सांगून उशिरा जावं लागलं. एका गाडीच्या खाली रामकिसन उताणा पडला आणि तेलाचा थेंब बोटावर घेऊन बाहेर आला. दुसरीचं दार चार वेळा लावून बघितलं आणि म्हणाला, हिचा डावा खुबा निखळून बसवलाय. रंगाखालून ठोकलेला पत्रा दिसला तेव्हा सर्जेरावनं कपाळाला हात लावला आणि कबूल केलं, की ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी एक पांढरी शुभ्र गाडी टिकली. पहाटेच्या गारठ्यात पहिल्या किल्लीला चालू, धूर नाही, आवाज नाही, कागदपत्रं चोख, आत कातड्याच्या खुर्च्या. छताची काचही उघडायची, तेव्हा कल्याण खूश. रामकिसननं सर्जेरावच्या पाठीवर थाप मारली, "उद्या इसार देतो," म्हणाला आणि जालन्याहून शेरभर पेढे घेऊन घरी आला.

द्वारकाबाई बाजेवर पडल्या पडल्या तूर निवडत होती. त्यानं पेढा तिच्या हातावर ठेवला आणि पांढऱ्या गाडीचं वर्णन सुरू केलं. इंजिन कसं, टायर कसे, आधीचा मालक कोण, त्याच्या आधीचा कोण. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं," ती म्हणाली, "तुमी बैल कसा घेता?"

"कसा म्हंजी?"

"नुसता बघून घेता का? मानंवर जू ठिवून, नांगराला जुपून, वावरात धा फेरे हानून बघता का न्हाई?"

"बघतो की. जुपल्याबिगर बैल कळतो का?"

"मंग ह्या गाडीवर वझं कुनाचं पडनार हाय? माहं का सर्जेरावचं?"

कल्याण पेढा तोंडात तसाच धरून आत निघून गेला. आठ दिवस, पंधरा गाड्या, सगळ्यांची तोंडं-खुरं तपासली आणि जिच्या कमरेसाठी हा सगळा खटाटोप, तिला एकदाही बसवून बघितली नव्हती. सहा कोसांवरच्या बैलाची चूक सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली चूक बायकोनं दाखवावी, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो रागानं उठून गोठ्यात गेला, रिकाम्या गव्हाणीजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि राग स्वतःवरच आहे हे कळल्यावर परत आला.

"तुला जालन्याला न्यायची तर जीपमधूनच न्यावी लागंल," तो ओशाळून म्हणाला.

"म्या कशाला येऊ? त्याला म्हना, बैल दारात घिऊन ये."

सर्जेरावला फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी वाटूरला आली. ती त्याचा ड्रायव्हर संपत चालवत होता, आणि परत जायला वाहन हवं म्हणून सर्जेराव मागून स्वतःच्या गाडीत आला होता. ती गाडी गुळाच्या रंगाची, जुन्या घाटाची, पुढच्या बाजूला एक पोचा आलेली. तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

द्वारकाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हातात कापडी पिशवी होती. पिशवीत काय आहे म्हणून कल्याणनं वाकून बघितलं, तर तेलाची बाटली.

"माय, आपुन फकस्त परतूरच्या रोडनं एक चक्कर मारून येनार हौत."

"ऱ्हाऊ दे. तुहं काय जातंय?" ती म्हणाली.

ती मागच्या खुर्चीत बसली, म्हणजे आत रुतलीच. रामकिसन शेजारी बसला. संपतनं गाडी काढली, मागून आपल्या गाडीतून सर्जेराव निघाला. गाव ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना वेचणी उरकलेल्या कापसाची काळी पराटी सुरू झाली. गाडी पळत होती झकास, पण तिचे टायर दिसायला जितके देखणे तितकेच पातळ, आणि रस्त्यातला खडा न् खडा थेट खुर्चीत पोचत होता. पुढं बसलेला कल्याण छताची काच उघडून दाखवत होता. रामकिसनचं तिकडं लक्ष नव्हतं. तो बायकोच्या हाताकडं बघत होता. तिनं दारावरची मूठ इतकी घट्ट धरली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी हाय की," ती म्हणाली. "घ्या तुमी. तुमाला आवडली ना?"

बैल लंगडत असेल तर रामकिसनला चार पावलांत कळायचं. ही तर चाळीस वर्षांची सोबतीण. "संपत, गाडी थांबव," तो म्हणाला.

रस्त्याकडेला चहाची टपरी होती. द्वारकाबाईला उतरवताना कल्याणला आणि रामकिसनला दोन्ही काखांत हात घालावे लागले. ती टपरीच्या खांबाला धरून उभी राहिली, डोळे मिटून. मग तिनं डोळे उघडले आणि हसायचा प्रयत्न केला. "जावा तुमी फुडं. म्या चालत येते हळूहळू."

पाच किलोमीटर. पोरीला आज फोनवर सांगायचं होतं, की आई येणार. आता काय सांगायचं, आणि ही बाटली परत कुठल्या फडताळात ठेवायची, हे रामकिसनला कळेना. इतकी वर्षं दुसऱ्यांची जनावरं पारखली आणि घरच्या एका माणसाला बसता येईल अशी चार चाकं आपल्याला शोधता येत नाहीत, याचं त्याला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मागून सर्जेरावची गुळाच्या रंगाची गाडी येऊन थांबली. सगळा प्रकार बघून तो खाली उतरला. "मावशी, चालत कशाला? माझ्या गाडीत बसा. हळू नेतो घरापर्यंत."

त्यानं मागचं दार सताड उघडलं. दार मोठं होतं. खुर्ची गुडघ्याच्या उंचीला, लांबरुंद, घरातल्या दिवाणासारखी. द्वारकाबाई आधी पाठमोरी टेकली, मग पाय आत घेतले, आणि कुणाचा हात लागायच्या आत बसलीसुद्धा. रामकिसन पुढं सर्जेरावशेजारी बसला. गाडी निघाली. रस्ता तोच, खड्डे तेच, पण आता ते खड्डे कुणा दुसऱ्याच्या गाडीखालून जात असल्यासारखे वाटत होते. लाज, राग आणि काळजी यांच्यात गुंतलेल्या रामकिसनच्या ते ध्यानातही आलं नाही.

दारात गाडी थांबली. रामकिसन उतरला, मागचं दार उघडायला गेला आणि थबकला. द्वारकाबाई झोपली होती. मान कलली होती, तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवर, आणि मुठी सुटलेल्या. बसल्या बसल्या झोपलेली ती त्याला दोन वर्षांत दिसली नव्हती.

सर्जेराव काही बोलणार, तोच रामकिसननं ओठांवर बोट ठेवलं. सर्जेरावनं इंजिन बंद केलं. मागून आलेल्या कल्याणला आणि संपतला रामकिसननं खुणेनंच लांब थांबवलं. कुणी तिला उठवायचं नव्हतं. माघातलं कोवळं ऊन होतं, लिंबाची सावली होती. तास गेला, वर अर्धा तास गेला. कल्याणनं रजेचा फोनसुद्धा कुजबुजत केला. दारावरून जाणारी म्हातारी माणसं चपला हातात घेऊन जायला लागली.

आणि त्या शांततेत रामकिसनला स्वतःचाच एक जुना नियम आठवला. नव्या पोरांना तो नेहमी सांगायचा, की बैलबाजारात गेलात तर दावणीला बांधलेले बैल नंतर बघा. आधी हेड्याच्या स्वतःच्या गाडीला जुंपलेले बैल बघा. विकायचे असतात ते सजवतो, आणि भरवशाचे असतात ते स्वतः वापरतो. पंधरा गाड्यांच्या पोटाखाली हा बाबा शिरून आला आणि हेडी रोज कशातून येतो-जातो ते बघायचं विसरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यानं हलक्या पावलानं जाऊन बोनेटवर तळहात ठेवला. थंडगार. त्यानं सर्जेरावला किल्ली फिरवायची खूण केली. सर्जेरावनं मान हलवली. मावशी उठतील, असं म्हणायचं होतं त्याला. रामकिसननं परत खूण केली. सर्जेराव चोरपावलांनी आत बसला आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाली का नाही, हे बघायला रामकिसनला धुराड्यामागं हात धरावा लागला. झाली होती. धूर नाही, खडखड नाही. आत द्वारकाबाईनं फक्त मान दुसरीकडं वळवली.

सर्जेराव बाहेर आला. "काका, ही दावनीतली न्हाई," तो कानाजवळ येऊन पुटपुटला. "माझी सोताची हाय. बारा वर्सं वापरून राह्यलो. हिनं एकदा वाटंत सोडलं न्हाई मला. इकायची न्हाई."

"म्हनून तर," रामकिसन तितकंच हळू म्हणाला, आणि त्यानं खांद्यावरचा पंचा काढला.

बैलबाजारात सौदा बोलून करत नाहीत. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं पंच्याखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. चारचौघांना पत्ता लागत नाही. रामकिसननं आपल्या उजव्या हातावर पंचा टाकला आणि हात पुढं केला. सर्जेराव त्या हाताकडं बघत राहिला. बापाच्या पंच्याखाली त्याचा हात शेवटचा गेला त्याला वीस वर्षं झाली होती. गाड्यांचे भाव कागदावर छापून काचेला चिकटवायचे असतात, तिथं बोटांना काय काम?

त्यानं एकदा मागच्या खुर्चीकडं बघितलं. मग हळूच आपला हात पंच्याखाली सारला.

रामकिसननं बोटं दाबली. सर्जेरावनं मान हलवली आणि उलट बोटं दाबली. रामकिसननं डोळे वटारले. सर्जेरावनं पोच्याकडं बघून खांदे उडवले आणि एक बोट सोडलं. लांब उभ्या कल्याणला काहीच कळत नव्हतं. तो संपतला विचारत होता, की हे दोघं हात धरून का उभे आहेत. पंचा बराच वेळ हलत राहिला. शेवटी सर्जेरावनं रामकिसनचा अख्खा पंजा आपल्या पंजात घेऊन घट्ट दाबला आणि सोडलाच नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"बापानं मला बोटं शिकवली," तो कुजबुजला, "पन घरचा बैल मागितला तर न्हाई कसं म्हनायचं, ते शिकवलं न्हाई बगा."

"संपतसंगं पांढरीतून जा माघारी," रामकिसन म्हणाला. "आन् तुह्यासाठी नवी गाडी बघायची असंल तर मला बोलव. पहाटं येतो."

सर्जेरावला हसू आवरेना. तोंडावर हात दाबून धरला तरी ते फुटलंच, आणि त्या आवाजानं द्वारकाबाई जागी झाली. तिनं डोळे उघडले, आधी मांडीवरची पिशवी चाचपली, बाटली जागेवर आहे का ते बघितलं, आणि केसांवरून हात फिरवत खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "पुनं आलं का?"

रामकिसननं घरातून दोन उशा आणल्या, एक तिच्या पाठीशी ठेवली, एक पायाशी, आणि कल्याणला हाक मारली, "चल, दार लाव घराचं."